बिनलेबलची बाटली, सुटा हायपो आणि ब्लीचची विषबाधा : बडोदेकरांसाठी धागा

विश्वामित्रीकाठ :

नमस्कार. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी बडोद्यातील कारेलीबाग, समा, फतेगंज, अकोटा अशा भागांतील घरांत शिरले. ते ओसरल्यावर घरोघरी ब्लीचिंग पावडर, फिनाईल, ॲसिड आणि हायपो (सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण, म्हणजे पातळ ब्लीच) यांचा साठा झाला. चिखल निघून गेला, पण उरलेला माल अनेक घरांत अजून मोरीखाली, जिन्याखाली किंवा ओट्याखाली पडून आहे, आणि त्यातला बराचसा थंड पेयांच्या रिकाम्या बाटल्यांत भरलेला आहे.

आमच्या सोसायटीत अलीकडेच एका चार वर्षांच्या मुलीने अशाच बाटलीतला एक घोट घेतला. मुलगी आता बरी आहे. मात्र त्या वेळी जमलेल्या मंडळींपैकी एकाने मिठाचे पाणी पाजायला सांगितले, दुसऱ्याने लिंबाचे सरबत सुचवले, तिसऱ्याने घशात बोट घालून उलटी काढायचा आग्रह धरला, आणि चौथ्याने मोबाईलवर वाचून जाहीर केले की घरगुती ब्लीच फार सौम्य असते, त्यामुळे काहीच करायची गरज नाही. तिच्या आईने यातले काहीही केले नाही. तिने मुलीचे तोंड धुतले, दोन घोट पाणी दिले आणि बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठले. तिचे बरोबर होते, असे नंतर कळले. पण ते का बरोबर होते आणि बाकीच्यांचे कुठे चुकत होते, हे जाणकारांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

ओपीडी_बारा_नंबर :

बालरोग विभागात अनेक वर्षे काम केल्यामुळे या विषयावर थोडे अधिकाराने लिहितो.

चौथ्या गृहस्थांपासून सुरुवात करतो, कारण त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे आणि म्हणूनच ते सर्वांत धोकादायक आहे. कंपनीच्या लेबलसह मिळणाऱ्या घरगुती ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइटचे प्रमाण साधारण ३ ते ६ टक्के असते. लहान मूल असल्या चवीचा एक घोट घेऊन थांबते, आणि तो घोट बहुधा चमचाभराचाच असतो. अशा वेळी तोंडात व घशात आग होते, मळमळते, एखाद-दुसरी उलटी होते आणि काही तासांत मूल खेळायला लागते. अन्ननलिकेला गंभीर इजा होणे विरळा. इंटरनेटवरचा दिलासा आला आहे तो याच अनुभवातून. मात्र हा दिलासा त्या विशिष्ट बाटलीपुरता असतो. द्रावण १० टक्क्यांच्या वर गेले की ते दाहक समजावे लागते. शिवाय बिनलेबलच्या बाटलीत ब्लीचऐवजी संडास धुण्याचे ॲसिड किंवा तुंबलेली मोरी साफ करण्याचे कॉस्टिक सोड्याचे पाणी असेल, तर सगळा हिशेबच बदलतो. म्हणून आम्ही नातेवाइकांना आधी ‘काय प्यायले’ हे विचारतो आणि मग ‘किती प्यायले’.

धोक्याची लक्षणे सांगतो. तोंडातून सतत लाळ गळणे, मुलाने पाणीही नाकारणे, आवाज घोगरा होणे, श्वास आत घेताना कर्कश आवाज येणे, छातीत किंवा पाठीत दुखणे, रक्ताची उलटी, ताठरलेले पोट आणि वाढती सुस्ती, यांपैकी एकही दिसले तर वाट पाहू नये. अनेक पालक ओठ आणि जीभ पाहतात आणि तिथे डाग दिसला नाही की निश्चिंत होतात. हे चूक आहे, कारण तोंड स्वच्छ दिसत असूनही अन्ननलिका भाजलेली असू शकते.

उपाय त्या मातेने केला तोच. तोंडातले थुंकायला लावावे आणि चूळ भरायला लावावी. मूल शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल, तर साधे पाणी किंवा दूध दोन-चार घोट द्यावे, त्याहून अधिक नाही, कारण पोट भरले की उलटी होते. मूल बेशुद्ध असेल, झटके येत असतील किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर तोंडाने काहीही देऊ नये, त्याला कुशीवर झोपवावे आणि १०८ ला फोन करावा. उलटी मुद्दाम काढल्यास तेच दाहक द्रव अन्ननलिकेतून दुसऱ्यांदा जाते आणि ते फुप्फुसात शिरण्याचीही भीती असते. मिठाचे पाणी तर दुप्पट वाईट. हायपोमध्ये मुळात सोडियम असते आणि ते मोठ्या प्रमाणात पोटात गेल्यास रक्तातील सोडियम वाढते. त्यात वरून मीठ पाजणे म्हणजे लहान मुलाच्या मेंदूशी खेळ आहे. इतर काही विषांवर पोटात दिला जाणारा औषधी कोळसा येथे उपयोगी नाही, आणि पुढे दुर्बिणीने तपासणी करायची झाल्यास त्यामुळे आतले काही दिसत नाही.

काय करावे असा संभ्रम असेल, तर दिल्लीच्या एम्समध्ये १९९५ पासून राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र चालते. त्याचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ असून तो चोवीस तास उपलब्ध असतो. मात्र वर सांगितलेली लक्षणे असतील, तर हा फोन रुग्णालयाच्या वाटेवर करावा, घरी बसून नाही.

चांपानेर_दरवाजा :

डॉक्टरसाहेब, लिंबाबद्दल आपण लिहिले नाहीत. शाळेत शिकल्याप्रमाणे हायपो अल्कधर्मी आहे आणि लिंबू आम्ल. मग एकाने दुसऱ्याचा परिणाम नाहीसा व्हायला नको का? आमच्या घरी जुन्या मंडळींचा ताकावरही फार विश्वास आहे.

हायपोवाला_निवृत्त :

याचे उत्तर मी देतो, कारण माझी सगळी नोकरी याच रसायनाच्या सहवासात गेली.

बडोद्याजवळ रणोलीच्या पट्ट्यात १९७० च्या दशकापासून कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन तयार होते. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की एका बाजूला कॉस्टिक आणि दुसऱ्या बाजूला क्लोरीन मिळतो. हे दोन्ही पुन्हा एकत्र आणले की हायपो तयार होतो. कारखान्यात निसटणारा क्लोरीन हवेत जाऊ नये म्हणून तो कॉस्टिकमध्ये शोषून घेतात, त्यातूनही हायपोच हाती येतो. म्हणजे हायपो हा कॉस्टिकने धरून ठेवलेला क्लोरीन आहे, आणि त्यात आम्ल पडताच कॉस्टिकची पकड सुटते आणि क्लोरीन वायू मोकळा होतो. बादलीत जे घडते तेच पोटात किंवा घशातही घडू शकते. शिवाय आम्ल आणि अल्क एकत्र आले की उष्णता निर्माण होते आणि आधीच पोळलेल्या जागेवर ती नको असते. जठरात स्वतःचे आम्ल असतेच, त्यात लिंबू किंवा व्हिनेगर मुद्दाम ओतू नये. ताकही आंबटच आहे, तेव्हा तेही नको.

आता सुट्या मालाविषयी. कारखान्यातून निघणारा हायपो साधारण १० ते १२ टक्क्यांचा किंवा त्याहून कडक असतो. तो मोठ्या कॅनमधून दुकानात येतो आणि तिथून रिकाम्या बाटल्यांत भरला जातो. दुकानदार त्यात किती पाणी घालतो, घालतो की नाही, हे बाटलीकडे पाहून कोणालाही सांगता येत नाही. ऊन आणि उष्णता लागली की हायपो हळूहळू कमजोर होतो हे खरे आहे, पण ‘मागच्या पावसाळ्यातला आहे, आता त्यात काय राहिले असेल’ या भरवशावर राहणे योग्य नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले, पण हायपोकडे अजून लोक साबणाच्या पाण्याच्याच नजरेने पाहतात.

शेव_उसळ :

माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी संडासात आधी ॲसिड टाकले आणि डाग निघेना म्हणून वर ब्लीचिंग पावडर टाकली. उग्र वास आला, त्यांना ठसका लागला आणि डोळ्यांतून पाणी आले. बाहेर येऊन बसल्यावर अर्ध्या तासात त्यांना बरे वाटले. अशा वेळी डॉक्टरांकडे न्यायला हवे का? पोटात तर काहीच गेले नव्हते.

हायपोवाला_निवृत्त :

पोटात गेले नसले तरी छातीत गेले आहे. त्या संडासात क्लोरीनच तयार झाला होता. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असतो, त्यामुळे तो खाली साचतो, आणि आपल्याकडे फरशी घासणारी बाई नेमकी उकिडवी बसलेली असते. दारात उभ्या असलेल्या मालकिणीला नुसता वास येतो, तेव्हा खाली बसलेल्या बाईच्या छातीत पुरेसा वायू गेलेला असतो. लहान मुलांचेही तसेच, त्यांचे नाक आपल्या कमरेच्या उंचीवर असते. पिवळट-हिरवा रंग फार मोठे प्रमाण झाल्याशिवाय दिसत नाही, आणि नाक थोड्या वेळाने वासाला सरावते, म्हणून ‘आता वास कमी झाला’ याला अर्थ नसतो.

कारखान्यात गळती झाली की आम्ही वाऱ्याची दिशा पाहून आडव्या अंगाने किंवा वारा येतो त्या बाजूला आणि शक्यतो उंचावर जात असू. घरातही तेच करावे. सर्वांनी आधी बाहेर पडावे, जमल्यास गच्चीवर जावे, आणि बादली उपडी करायला किंवा पाणी ओतायला पुन्हा आत जाऊ नये. वाटेवरच्या खिडक्या उघडता आल्या तर उघडाव्यात.

आणखी एक जोडी लक्षात ठेवावी. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन नावाचे तितकेच त्रासदायक वायू तयार होतात. घरात अंथरुणावर खिळलेले माणूस असेल तर लघवीच्या भांड्यात थेट ब्लीच टाकण्याची सवय असते. जुन्या लघवीत अमोनिया असतो, म्हणून भांडे आधी भरपूर पाण्याने धुवावे आणि मगच ब्लीच वापरावे.

ओपीडी_बारा_नंबर :

वरच्या माहितीत वैद्यकीय भर घालतो. मोकळ्या हवेत येताच ठसका थांबला, श्वास नेहमीसारखा झाला आणि माणूस एरवी धडधाकट असेल, तर बहुतेकांना काही होत नाही. तरीही त्या मावशींना उरलेल्या दिवसात कष्टाचे काम देऊ नये आणि रात्रभर कोणीतरी लक्ष ठेवावे. याचे कारण असे की क्लोरीन जास्त गेला असेल तर फुप्फुसात पाणी साचण्याची क्रिया काही तासांनी, कधी चोवीस तासांपर्यंतही उशिरा दिसते. दम लागणे, छाती आवळल्यासारखी वाटणे, घरघर, न थांबणारा खोकला किंवा फेसाळ कफ दिसल्यास तातडीने रुग्णालयात न्यावे. दमेकरी, वृद्ध, गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांना लक्षणे कमी असली तरी दाखवून घ्यावे.

क्लोरीनवर उतारा नाही. रुग्णालयात ओलसर ऑक्सिजन देतात, श्वासनलिका आवळल्या असतील तर सॅल्ब्युटामॉलची वाफ देतात, आणि गरजेप्रमाणे छातीचा एक्स-रे व रक्तातील ऑक्सिजन पाहतात. काही ठिकाणी सोडियम बायकार्बोनेटचे सौम्य द्रावणही यंत्राने हुंगायला देतात, पण त्याचा पुरावा मर्यादित आहे आणि तो निर्णय डॉक्टरांचा असतो. खाण्याचा सोडा पाण्यात घालून घरी वाफ घेणे हा त्याचा पर्याय होऊ शकत नाही. साधा वाफाराही यावर उपचार नाही, त्यात फक्त वेळ जातो.

पांढरी_टोपी :

मी परिचारिका म्हणून आपत्कालीन विभागात काम केले आहे. डोळ्यांविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहिते. खरे तर पोटातील विषबाधेपेक्षा डोळ्यात उडालेल्या हायपोचे रुग्ण उशिरा येतात, कारण ‘धुतले की बरे होईल’ असे म्हणून लोक दोन हबके मारतात आणि कामाला लागतात.

हायपोचा सामू (पीएच) साधारण ११ ते १३ असतो, म्हणजे तो बराच अल्कधर्मी आहे, आणि अल्क डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्यात आम्लापेक्षा खोलवर उतरते. त्यामुळे डोळा नळाच्या बारीक धारेखाली किमान पंधरा ते वीस मिनिटे धुवायला हवा, आणि ही पंधरा मिनिटे घड्याळ लावून मोजावीत, कारण दुखत असताना दोन मिनिटेही फार वाटतात. पापण्या बोटांनी उघड्या धराव्यात आणि धार नाकाच्या बाजूने कानाकडे जाऊ द्यावी, म्हणजे दुसरा डोळा वाचतो. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढावी. दूध, गुलाबपाणी, मध, तूप यांतले काहीही घालू नये. धुऊन झाल्यावर बरे वाटले तरी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. तिथे कागदी पट्टीने डोळ्याचा सामू पाहतात आणि तो पूर्ववत होईपर्यंत सलाईनने धुणे चालू ठेवतात.

त्वचेवर सांडले तर भिजलेले कपडे, बांगड्या, अंगठी आणि घड्याळ आधी काढावे. बोटांना जो निसरडेपणा जाणवतो तो अल्क त्वचेतील तेलाशी मिसळल्यामुळे येतो. तो निसरडेपणा जाईपर्यंत आणि निदान पंधरा मिनिटे पाणी ओतत राहावे. कोरडी ब्लीचिंग पावडर अंगावर पडली असेल, तर ती आधी कोरड्या फडक्याने झटकावी आणि मग भरपूर पाण्याखाली धरावी.

रुग्णालयात येताना बाटली घेऊन यावी, ती हुंगून किंवा चाखून पाहू नये, आणि प्रकार किती वाजता घडला ते लक्षात ठेवावे. विषबाधेच्या प्रकरणाची रुग्णालयात पोलीस नोंद होते, ज्याला आम्ही एमएलसी म्हणतो. या नोंदीच्या धास्तीने काही कुटुंबे ‘उलटी-जुलाब आहेत’ असे सांगतात आणि डॉक्टरांचा पहिला तास चुकीच्या दिशेने जातो. त्या नोंदीने उपचार अडत नाहीत.

अनामिक_सदस्य :

पांढरी टोपी ताई, घरातल्या मोठ्या माणसाने रागाच्या भरात जाणूनबुजून घेतले असेल तर? तेव्हाही खरे सांगावे का?

पांढरी_टोपी :

तेव्हा तर नक्कीच सांगावे. अपघाताने घेतलेला घोट छोटा असतो. जाणून घेतलेले प्रमाण बहुतेकदा मोठे असते, आणि सोबत गोळ्या किंवा दुसरे काही घेतलेले असण्याची शक्यता असते. डॉक्टरांना हे कळले की ते वेगळ्या तपासण्या करतात आणि अधिक काळ निरीक्षणाखाली ठेवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्यावर त्यासाठी खटला चालवून शिक्षा करण्याची तरतूद राहिलेली नाही. आपल्या घरात आत्ता असे काही घडत असेल तर १०८ ला लगेच फोन करावा आणि त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. मनातले बोलण्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक दिवसरात्र चालू असतो. आपल्याला इथे किंवा खासगी निरोपातून लिहावेसे वाटले तर जरूर लिहावे.

चांपानेर_दरवाजा :

लिंबू-ताकाचे पटले. मात्र डॉक्टरसाहेबांनी दुधाला परवानगी दिली आहे, तर मग तूप पाजले तर काय बिघडते? आणि रुग्णालयात गेल्यावर दुर्बीण घालणे हा पैसे काढण्याचा प्रकार असतो, असे आमच्या शेजाऱ्यांचे स्पष्ट मत आहे.

ओपीडी_बारा_नंबर :

दूध किंवा पाणी तोंडात आणि अन्ननलिकेत चिकटून राहिलेले द्रव पातळ करून पुढे ढकलते, यापलीकडे त्यात औषधी गुण नाही. तूप तेवढेही करत नाही, उलट मळमळ वाढवते आणि फुप्फुसात गेले तर वेगळाच न्यूमोनिया होतो.

दुर्बिणीबद्दल आपल्या शेजाऱ्यांचा राग मी समजू शकतो, पण निदान या बाबतीत तो अस्थानी आहे. लेबलवाल्या ब्लीचचा छोटा घोट घेतलेल्या आणि काहीही त्रास नसलेल्या मुलाला आम्ही दुर्बीण घालत नाही. काही तास ठेवतो, पाणी व खाणे नीट गिळते का ते पाहतो आणि घरी पाठवतो. द्रावण कडक असेल, प्रमाण जास्त असेल किंवा वर सांगितलेली लक्षणे असतील, तेव्हा साधारण पहिल्या चोवीस तासांत दुर्बिणीने अन्ननलिका पाहतात, कारण इजा किती खोल आहे यावरच तोंडाने खायला कधी द्यायचे ते ठरते. तोपर्यंत नाकातून नळी आंधळेपणाने सरकवणे टाळतात, कारण भाजलेली भिंत त्याने फाटू शकते. सोबत शिरेतून सलाईन, आम्ल कमी करणारी औषधे, आणि जास्त प्रमाणात घेतले असल्यास रक्तातील सोडियम, क्लोराइड व आम्लतेची तपासणी असते. श्वासमार्गावर सूज आली तर श्वासनलिकेत नळी घालावी लागते आणि ते काम आधी होते, बाकी सारे नंतर.

पालक एक गोष्ट हमखास विसरतात. खोल इजा भरून येताना अन्ननलिका आक्रसते, आणि ते पहिल्या आठवड्यात कळत नाही. तीन-चार आठवड्यांनी किंवा त्यानंतर मूल वरण-भात खाते पण पोळीचा घास अडकतो, पाण्याचे घोट घेत घेत जेवते, किंवा जेवायला खूप वेळ लावते, असे दिसले तर ते नखरे समजू नयेत. बेरियम देऊन एक्स-रे काढतात आणि आक्रसलेली जागा टप्प्याटप्प्याने रुंद करतात.

विश्वामित्रीकाठ :

सर्वांचे आभार. दोन व्यावहारिक शंका उरल्या आहेत. पुरानंतर टाकीतले पाणी शुद्ध करायला लोक मूठ-मूठ ब्लीचिंग पावडर टाकत होते, त्याचे योग्य प्रमाण किती? आणि घरात उरलेल्या या बाटल्यांचे करायचे काय?

हायपोवाला_निवृत्त :

चांगल्या प्रतीच्या ब्लीचिंग पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. अशी पावडर १,००० लिटर पाण्याला सुमारे अडीच ग्रॅम पुरते, म्हणजे सपाट चमचाही भरत नाही. ती आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवावी, चुना तळाशी बसू द्यावा, वरचे निवळ पाणी तेवढे टाकीत घालावे आणि तासभर थांबून मग पाणी वापरावे. चुन्याचा गाळ टाकीत ओतू नये. मूठभर पावडरीने पाणी जास्त शुद्ध होत नाही, घसा मात्र धरतो. पुरानंतर वाटल्या जाणाऱ्या क्लोरीनच्या गोळ्या औषधांच्या डब्यात ठेवू नयेत. कोणी त्या चुकून गिळल्या तर गोळी अन्ननलिकेत एका जागी अडकून तिथेच पोळते.

बाटल्यांपैकी ज्यात खात्रीने हायपो आहे, तिचे झाकण हळूहळू सैल करावे, कारण हायपोतून प्राणवायू सुटत राहतो आणि बंद बाटली फुगलेली असते. खिडकी उघडी ठेवून, त्या दिवशी संडासात ॲसिड किंवा दुसरे काहीही न वापरता, भरपूर पाण्यासोबत तो थोडा थोडा सोडावा. रिकामी बाटली धुऊन, कापून मगच टाकावी. ज्या बाटलीत काय आहे हे कोणालाच माहीत नाही, ती ओतूही नये आणि दुसऱ्या बाटलीत रिकामीही करू नये. घनकचरा नियमांत घरगुती घातक कचरा वेगळा देण्याची तरतूद आहे. त्याप्रमाणे ती बाटली घट्ट बंद करून, उभी ठेवून, वर ‘अज्ञात रसायन’ अशी ठळक चिठ्ठी लावून, कचरागाडीवरील माणसाला तोंडी सांगून स्वतंत्र द्यावी. तोपर्यंत ती मुलांचा हात पोहोचणार नाही अशा कुलपाच्या जागी ठेवावी, आणि ॲसिडची बाटली त्याच कपाटात ठेवू नये.